गावाच्या पाण्याची वही

दुधना नदीच्या खोऱ्यातलं आमचं गाव जालना जिल्ह्यात मोडतं. गावाचा लिहिलेला इतिहास नाही. निजामाच्या राजवटीतले चार उर्दू कागद पाटलांच्या वाड्यात होते, ते वाळवीनं खाल्ले. देवळावर शिलालेख नाही, वंशावळ सांगणारे भाट यायचे तेही आता बंद झाले. पण गावात चाळीसेक विहिरी आहेत, दोन आड आहेत, एक बारव आहे, आणि बोअर इतके की मोजणारा दमावा. शाळेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एक दोनशे पानी वही घेतली आणि या सगळ्यांची नोंद करत सुटलो. विहीर कुणी पाडली, किती परस खोल गेली, पाणी कशात लागलं, कधी आटलं. शेवटचा एक रकाना सहज म्हणून ओढला होता, ‘आता त्यात काय आहे?’ वही भरत आली तेव्हा ध्यानात आलं, की सांगण्यासारखं सगळं त्या शेवटच्या रकान्यातच आहे.

आमच्याकडं गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि शेताच्या जमिनीला काळी. पांढरीत पिढ्यान्‌पिढ्या माणसं आणि जनावरं एका जागी नांदली. चुलीची राख, शेणमूत, पडक्या भिंतींची माती, सगळं तिथंच मुरलं. जुन्या काळी बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा अशाच जुन्या वस्त्यांच्या मातीतून काढत. भिंत पडली की शेतकरी तिची माती गाड्या भरभरून रानात नेई, कारण तिच्यात खत आहे हे त्याला ठाऊक होतं. जे पिकाला चांगलं ते पिण्याला चांगलं नसतं, हेही ठाऊक होतं. म्हणून पांढरीतल्या आडाचं पाणी प्यायचं नाही, असा गावाचा दंडक होता. ते मचूळ लागायचं. त्यानं भांडी घासा, गुरं धुवा. रांजणात भरायचं पाणी गावाबाहेरच्या बारवेचं. बारव वरच्या अंगाला, गाव खालच्या अंगाला. आमच्या आज्यांना जिभेनं नायट्रेट कळत होतं असलं काही मी म्हणणार नाही. नायट्रेटला चव नसते. पण घाण जिथं मुरते तिथलं पाणी रांजणात आणायचं नाही, एवढा हिशेब त्यांचा पक्का होता.

हा हिशेब सगळ्या गावाला लागू नव्हता. तेव्हाच्या महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या बायांना बारवेच्या पायरीवर पाय ठेवता येत नसे. त्या लांब घागरी मांडून बसायच्या. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, नाही तर उन्हं डोक्यावर येईस्तोवर तिथंच बसायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते 20 मार्च 1927 रोजी. त्यानंतर चाळीस वर्षांनीही आमच्या बारवेवर हेच चालू होतं, आणि मी ते लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. महारवाड्यानं शेवटी आपला आपण एक आड पाडला. पण त्यांना जागा मिळाली ती पांढरीच्या पार खालच्या कडेला. गावाची मोरी जिथं संपायची, तिथून त्यांचा आड बारा पावलांवर. गावानं जे पाणी स्वतःसाठी नको म्हणून ठरवलं होतं, तेच खाली मुरून त्या आडाला पाझरत होतं. वहीत मी त्या आडापुढं ‘पाच परस, मुरमात पाणी’ असं लिहिलंय. परस म्हणजे एका उभ्या माणसाची उंची.

आता बारवेचं पाणी तरी निर्मळ होतं का? दिसायला होतं. तळ दिसायचा, कासव दिसायचं. पण त्याच पाण्यातून नारू व्हायचा. आजच्या पोरांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं. वर्षभरापूर्वी प्यायलेल्या पाण्यातून आलेला जंत पायाच्या कातडीखाली हात-दीड हात लांब वाढायचा आणि एक दिवस फोड येऊन बाहेर तोंड काढायचा. माझ्या आजीला तीनदा नारू झाला. ती उंबऱ्यात पाय पसरून बसायची. पांढऱ्या सुतळीसारखं ते जनावर काडीला गुंडाळलेलं असायचं, आणि दररोज बोट-दोन बोटं हलक्या हातानं ओढून आणखी गुंडाळायचं. घाई केली आणि तुटला तर पाय सुजून ढोल व्हायचा. ऐन पेरणीत माणूस महिना-महिना जागेवर पडायचा. फोडाची आग व्हायची, मग आग शमावी म्हणून माणूस बारवेत उतरून पाण्यात पाय सोडून बसायचा. तिथंच घोटाळा होता. पाय पाण्यात बुडाला की नारू हजारो अळ्या सोडायचा, त्या पाण्यातले डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे गिळायचे, आणि ते किडे घागरीतून रांजणात आणि रांजणातून पोटात जायचे. पायऱ्या होत्या म्हणून नारू होता. शेंदून काढायच्या आडाला नारू नव्हता, कारण त्यात कुणी पाय बुडवत नव्हतं. मोरीकाठच्या आडावर पाणी पिणाऱ्या वस्तीत नारू कमी, पण हगवण जास्त; बारवेवरच्या घरांत नारू जास्त. गावानं दुखणीसुद्धा वाटून घेतली होती.

मग 1972 साल आलं. त्याआधीची दोन वर्षंही ओढग्रस्तीचीच गेली होती. मी तेव्हा चौथीत होतो. बारवेचा तळ उघडा पडला, कासव कुठं गेलं कळलं नाही. मोटा विहिरींवर वाळत पडल्या. आई-वडील खडी फोडायला जायचे. घरी मिलोची लालसर भाकरी आणि शाळेत सुकडी. त्या वर्षी अन्नापेक्षा पाण्याची चोरी जास्त झाली, असं आबा सांगायचे. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो 1981 साली. दुष्काळात पाणी शोधण्याची सरकारी कामं जोरात सुरू झाली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही त्याच सुमाराची. एक दिवस गावात भोक पाडायची गाडी आली. वडार लोकांना एक विहीर पाडायला दोन उन्हाळे लागायचे. सुरुंग, घण, पहारी, पाट्या. या गाडीनं दोन दिवसांत दीडशे फूट खाली नेलं, आणि संध्याकाळी पांढरा चिखल उडवत पाणी वर आलं. बाप्ये टोप्या उडवायला लागले. बाया गप्प उभ्या होत्या, कारण गाडीनं जागा धरली होती ती महारवाड्यात.

तिथं हापसा बसला. पहिले काही दिवस गावातल्या बाया अंधार पडल्यावर जायच्या. काही जणी हापशाचा दांडा राखेनं घासून घ्यायच्या आणि मगच हात लावायच्या. महारवाड्यातल्या बाया ओट्यावर बसून बघत असायच्या. कुणी काही बोलायचं नाही. होळीपर्यंत राख बंद झाली, कारण रांग मोठी व्हायला लागली होती आणि राखेत वेळ जात होता. मन बदललं म्हणून झालं की तहानेनं झालं, मला सांगता येत नाही. पण गाव त्या वस्तीच्या दारात पाण्याला आलं, हे झालं.

या हापशाची गोष्ट आमच्याच जालन्यातून जाते, ती थोडक्यात सांगतो. सुरुवातीचे हापसे बिडाचे होते, एखाद्या घराला पुरतील असे. सगळं गाव दिवसभर हापसायला लागलं की ते मोडायचे आणि महिनोन्‌महिने मोडलेलेच राहायचे. साठच्या दशकात जालन्यातल्या मिशनच्या मंडळींनी पोलादाचा दणकट पंप केला, त्याला जालना पंप म्हणत. त्याच्यात सुधारणा होऊन सोलापूरचा पंप झाला. आणि सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा घडला, जो पुढं देशभर आणि देशाबाहेरही गेला. झाकलेलं तोंड, खोल नळी, पाय बुडवायला जागा नाही. हापशांनी नारूची वाट अडवली. जिथं बारवा-विहिरी होत्या तिथं पायऱ्या बंद केल्या, पाण्यात औषध टाकलं, गाळण्याची फडकी वाटली. 1996 साली राजस्थानात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. कुणी कितीही जुन्या काळाचे गोडवे गावोत, ज्यानं काडीला गुंडाळलेला नारू पाहिलाय तो हापशाला नावं ठेवणार नाही.

पण त्या दिवसापासून गाव बारवेला विसरलं. आधी तिच्यावर फक्त गुरं जायची. मग निर्माल्य पडायला लागलं, मग गणपती, मग लग्नातल्या पत्रावळी, मग प्लास्टिकचे ग्लास. नळयोजना आली तेव्हा महारवाड्यातला आड तसाच गेला. जे पाणी आपण प्यायचं सोडलं, ते पाणीच नाही असं आपण धरून चाललो. वहीतल्या शेवटच्या रकान्यात पहिल्यांदा ‘कचरा’ हा शब्द आला तो बारवेपुढं.

काळीतल्या विहिरींची गोष्ट वेगळी आणि जास्त वेगानं घडली. मोटेच्या दिवसांत विहीर आटायची नाही, याचं कारण मोट होती. दोन बैल दिवसभर धावेवर मागं-पुढं करून थकले तरी पाणी उपसायचं ते थोडंच, आणि रात्रीत तेवढं पुन्हा पाझरायचं. बैलांच्या दमानं विहिरीला राखलं होतं. मग इंजिन आलं, मग वीज आणि मोटार. मोटारीला दम लागत नाही. विहिरीनं तळ दाखवला की आडवे बोअर, मग उभे बोअर. तामिळनाडूच्या नंबरप्लेटच्या गाड्या रात्री-अपरात्री शिवारात यायला लागल्या. कंप्रेसरची घरघर सुरू झाली की शेजारच्याच्या छातीत धस्स व्हायचं, कारण त्याची विहीर जायची. शेजाऱ्याच्या बोअरनं आपली विहीर आटली म्हणून कोर्टात जावं, तर 1882 चा जुना कायदा जमिनीच्या मालकाला तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क देतो. बांध कोरला तर मारामाऱ्या होतात. खालून पाणी कोरलं तर दुसराही बोअरच मारतो, आणखी पन्नास फूट खोल.

इथं खडकाचं थोडं सांगायला हवं. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तसे लाव्ह्याचे थर पडलेत. भाकरीचा वरचा पापुद्रा फुगतो, तसा प्रत्येक थराचा वरचा भाग भोकाभोकांचा, त्याला विहीर पाडणारे मांजऱ्या म्हणतात. त्याच्याखाली घट्ट पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. रेतीनं भरलेल्या मोठ्या नद्यांच्या मैदानात असतं तसं अथांग पाणी आपल्या पोटात नाही. जे आहे ते बहुतेक वरच्या थरांत, आणि ते दरवर्षीच्या पावसाचं. पाचशे-सहाशे फुटांवर पाणी लागलंच तर ती कुठल्या तरी भेगेतली जुनी साठवण. ती दोन वर्षांत संपते. आणि खोल पाणी म्हणजे शुद्ध पाणी हाही भ्रमच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं. पोरांचे दात पिवळे-तपकिरी झाले, मोठ्या माणसांची हाडं आखडली. एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड चालत नाही. डोळ्याला आणि जिभेला ते कळतही नाही.

2012-13 च्या दुष्काळात आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा गेल्या. बाग जगवायला लोकांनी टँकरनं पाणी घातलं, दागिने मोडून बोअर मारले. आमच्या एका चुलत्यानं एका उन्हाळ्यात एकाच रानात सहा बोअर मारले. पाचांतून नुसता फुफाटा उडाला. सहाव्याला करंगळीएवढी धार लागली, ती पंधरा दिवस टिकली. नंतर कुऱ्हाडीनं बाग तोडताना तो माणूस झाडांशी बोलत होता. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा सगळ्या देशानं ते बघितलं. आमच्यासारख्या गावांचं आटणं हप्त्या-हप्त्यानं होत होतं, ते बघायला काही नव्हतं.

राहिली ती कोरडी भोकं. शिवारात आणि गावठाणातही. एखादं लेकरू बोअरमध्ये पडलं की टीव्हीवाले येतात, म्हणून निकामी बोअर बुजवायचे, झाकायचे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयानंही 2010 साली सूचना दिल्या. पण भोकात घाण पडते तेव्हा कुणी येत नाही. गावात घरोघर संडास झाले, ही फार चांगली गोष्ट झाली. बायांना पहाटेच्या अंधाराची वाट बघायची गरज उरली नाही. पण शोषखड्डे कुठं खोदायचे, हापशापासून किती लांब, उताराच्या कुठल्या अंगाला, हे कोण बघतो? काहींनी खड्ड्याचाही खर्च वाचवला. परसात कोरडा बोअर होताच, त्यात संडासाचा पाइप सोडून दिला. खड्डा भरायची कटकट नाही, उपसायची कटकट नाही. वहीच्या शेवटच्या रकान्यात तीन बोअरपुढं मला तसं लिहावं लागलं. एका पडक्या विहिरीत कोंबड्यांच्या शेडची घाण, दुसरीत फवारणीच्या औषधाच्या बाटल्या.

मोरी उघडी होती तेव्हा घाण वरून वाहायची आणि मातीतून मुरत जायची. माती थोडीफार गाळून घ्यायची. बोअर ही सरळ नळी आहे. वरचे सगळे गाळणारे थर टाळून ती घाण थेट मांजऱ्यात, थेट भेगेत सोडते. आणि भेगा सात-बारा बघून जात नाहीत.

एका वर्षी पाण्याचे नमुने तपासणीला गेले. खालच्या वस्तीतल्या हापशाचा अहवाल आला, की नायट्रेट प्रमाणाबाहेर. लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा, त्याच्या वर. गावात पहिली प्रतिक्रिया एकच, ‘टीसीएल टाका.’ टीसीएल पावडरनं जंतू मरतात, आणि हगवण-काविळीसाठी ती हवीच. पण नायट्रेट तिच्यानं जात नाही. पाणी उकळलं तरी जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं. तान्ह्या लेकराला वरचं दूध या पाण्यात कालवून पाजलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, लेकरू निळं पडू शकतं. ज्यांना परवडलं त्यांनी जारचं पाणी सुरू केलं, वीस रुपयांना वीस लिटर. म्हणजे पुन्हा तेच. आपण प्यायचं सोडलं, की ते पाणी आपलं नाही. ते कुणाचं उरलं? ज्यांना रोज जार परवडत नाही त्यांचं. तो हापसा होता 1972 चाच, तेव्हाच्या महारवाड्यातला, आताच्या भीमनगरातला. ज्या हापशानं सगळ्या गावाला दुष्काळात जगवलं, त्याच्यावर लाल रंगाची खूण आली.

ग्रामसभेत मी वही वाचली. तीन बोअरची नावं घेतली नाहीत, पण गावाला कळायचं ते कळलं. एक जण उठून म्हणाला, “मास्तर, बोअर माझ्या जागेत, पैसे माझे. मी त्यात काहीबी सोडीन.” सभा गप्प. तेव्हा भीमनगरातली एक म्हातारी उभी राहिली. हापसा बसला तेव्हा ती नवी नवरी होती. ती शांतपणे म्हणाली, “बाप्पा, जागा तुझी हाये, खरंय. पर पाणी माह्या हापशाला येतं. आमचा आड व्हता तवा तुमची मोरी डोळ्यानं दिसायची, आमी वळखून गाळून घ्यायचो. आता दिसतच न्हाई तर काय गाळावं?”

त्यावर कुणाला बोलता आलं नाही.

कायदे नाहीत असं नाही. 1993 च्या कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नव्हती. 2009 च्या कायद्यानं 60 मीटरपेक्षा खोल जाण्यावर बंधनं आणली, पाणी नासवण्यालाही हात घातला. पण रात्री येणारी गाडी कायदा विचारत नाही, आणि परसातला पाइप तालुक्याहून दिसत नाही. जिथं काही झालं तिथं गावानंच केलं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअरवेलला बंदी केली, दरवर्षी पाऊस किती आणि पाणी किती याचा हिशेब मांडून पीक ठरवायचं ठरवलं. तिथं पाणी टिकलं, कारण खालचं पाणी सगळ्यांचं हे त्यांनी आधी मान्य केलं.

आमच्या गावात अजून तेवढं मान्य झालेलं नाही. सभेत ठराव झाला, की निकामी बोअर तोंडापर्यंत माती-मुरमानं दाबून बुजवायचे आणि शोषखड्डे हापशापासून लांब न्यायचे. तीनपैकी दोन घरांनी केलं. बारवेतला गाळ आणि कचरा पोरांनी उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं काढला. काढताना तळाशी मोटेचं एक लोखंडी कडं सापडलं. तिचं पाणी लगेच कुणी पिणार नाही आणि पिऊही नये. पण त्यात आता कुणी काही टाकत नाही. नळाच्या विहिरीचे झरे तिच्याच अंगाचे आहेत, हे पोरांनी मोटार चालू असताना पातळी बघून स्वतःच ओळखलं.

तिसऱ्या घरी मी महिन्यातून एकदा जातो. चहा होतो, पाऊसपाण्याचं बोलणं होतं. पाइप अजून तिथंच आहे. त्या घरात यंदा नात झाली आहे आणि तिच्यासाठी जार आणतात. हापसा त्या घरापासून शंभर पावलांवर. तिथंही याच वर्षी एक लेकरू जन्मलं आहे. त्याची आई पाणी कुठून आणते, हे मी दर खेपेला त्यांना सांगतो आणि उठतो.